शंभर किलोमीटर फायबर आणि पाच सेंटीमीटर काच: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

स्मार्ट चष्म्यांवरच्या लेखाखाली आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. दूरसंचार खात्यात उभी नोकरी ऑप्टिकल फायबर जोडण्यात आणि तपासण्यात गेलेल्या माणसाने हरकत घेतली, तर तिला 'धन्यवाद, नोंद घेतली' एवढंच उत्तर देणं बरं नव्हे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चष्म्याच्या दांडीत बसवलेल्या इवल्याशा प्रोजेक्टरमधून निघालेल्या प्रकाशाच्या १०० भागांपैकी जेमतेम १ भाग डोळ्यात पोचतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण म्हणता, १ टक्का म्हणजे २० डेसिबलची घट (दर १० डेसिबलला प्रकाशाचा दहावा भाग उरतो). चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे किलोमीटरमागे ०.२ डेसिबल जातात. म्हणजे शंभर किलोमीटर फायबरमध्ये जेवढा प्रकाश वाया जातो तेवढा पाच सेंटीमीटर काचेत वाया जातो असं झालं, आणि जिथे पूर्ण आंतरिक परावर्तन आहे, म्हणजे तिरका किरण काचेच्या आतच सगळाच्या सगळा परतवला जातो, तिथे हे शक्यच नाही. शिवाय तीन प्रश्न विचारलेत. १९५४ मध्येच काचेतून चित्र नेऊन दाखवणाऱ्या नरिंदर सिंह कपानींचं नाव लेखात का नाही? अर्धपारदर्शक आरशाने स्वस्तात होणाऱ्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला? आणि हे सगळं नंबरच्या चष्म्याच्या गोलाईदार काचेतच का बसवत नाहीत?

डेसिबलचा आपला हिशेब अचूक आहे, आणि माझा १ टक्काही मी मागे घेत नाही. फायबरचं काम एका टोकाला शिरलेला प्रकाश दुसऱ्या टोकाला, एका ठरलेल्या बिंदूवर, होता तेवढा पोचवणं. चष्म्यातल्या वेव्हगाइडला, म्हणजे प्रोजेक्टरचा प्रकाश डोळ्यासमोर नेणाऱ्या सपाट काचेला, असा ठरलेला बिंदूच नाही. समोर डोळा असतो आणि तो सतत हलतो. शिवाय एकाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर ५८ मिलिमीटर असतं, दुसऱ्याचं ६८. चष्मा नाकावरून घसरतो ते वेगळंच.

घरात एखादी लहान दुर्बीण असेल तर एक करून पाहा. ८ बाय २१ ची दुर्बीण घ्या. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत २१ भागिले ८, म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर रुंदीचा असतो. डोळा नेमका त्या झोतावर आहे तोवर चित्र स्वच्छ दिसतं. तोच डोळा तीन-चार मिलिमीटर बाजूला सरकवा, चित्र एकदम काळं होतं. दुर्बीण आपण हाताने पुन्हा जागेवर आणतो. दिवसभर घालायच्या चष्म्यात तसं करता येत नाही. म्हणून डोळ्यासमोर निदान १० बाय १० मिलिमीटरचा असा चौकोन लागतो, की ज्याच्या कुठल्याही कोपऱ्यात बाहुली असली तरी पूर्ण चित्र दिसलं पाहिजे. या चौकोनाला आय-बॉक्स म्हणतात.

आता आपल्याच भाषेत हिशेब मांडते. चौकोनाचं क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर. उजेडात बाहुलीचा व्यास धरा ३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ७. काच शंभर टक्के निर्दोष असली, एक फोटॉनही वाया गेला नाही, तरी बाहुलीत शिरणार १०० पैकी ७ भाग. इथेच साडेअकरा डेसिबल गेले. बाकीचे ९३ भाग काचेने खाल्लेले नाहीत. ते डोळ्याच्या आजूबाजूला, पापणीवर, गालावर पडले. डोळा जिथे जाऊ शकतो त्या प्रत्येक जागी प्रकाश आधीच हजर ठेवावा लागतो, आणि डोळा एका वेळी एकाच जागी असतो.

हा प्रकाश पसरवायचा कसा, यातच वेव्हगाइडचं खरं कौशल्य आहे. प्रोजेक्टरमधून निघालेला झोत असतो चारेक मिलिमीटरचा. तो काचेत वर-खाली आपटत पुढे जातो आणि बाहेर काढणाऱ्या ग्रेटिंगवर (प्रकाश वळवणाऱ्या अतिसूक्ष्म समांतर रेषांच्या पट्ट्यावर) प्रत्येक आपटीला थोडासा बाहेर सोडला जातो. पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. तोंडाशी असलेल्या शेताने दार पूर्ण उघडलं तर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही. पाच ठिकाणी सारखा प्रकाश सोडायचा असेल तर पहिल्या ठिकाणी २० टक्के सोडायचा, दुसऱ्या ठिकाणी उरलेल्याच्या २५, मग ३३, मग ५० आणि शेवटी सगळा. म्हणून ग्रेटिंगच्या रेषांची खोली एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढवत न्यावी लागते. ते नीट जमलं नाही तर डोळा फिरवला की चित्र एका बाजूला भगभगीत आणि दुसऱ्या बाजूला मंद दिसतं.

उरलेले साडेआठ डेसिबल कुठे गेले? एक काच उदाहरणाला घेऊ. अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते त्याचं माप) १.८, जाडी ०.७ मिलिमीटर, ग्रेटिंगच्या लगतच्या दोन रेषांमधलं अंतर ३८० नॅनोमीटर. या काचेचा क्रांतिक कोन ३३.७ अंश; पृष्ठभागावरच्या लंबापासून याहून जास्त कललेला किरणच आत अडकून राहतो. सरळ शिरलेला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण आत ५१ अंशांनी वळतो, म्हणजे आरामात अडकतो. खालच्या पृष्ठभागावर आपटून तो पुन्हा वर येतो तेव्हा १.७ मिलिमीटर पुढे सरकलेला असतो. पण आत घेणारं ग्रेटिंग तर झोताएवढं, चार मिलिमीटरचं आहे. म्हणजे त्याच ग्रेटिंगवर तो पुन्हा आपटतो, आणि ज्या दाराने आत आला त्याच दाराने त्याचा काही भाग परत बाहेर जातो. ४६० नॅनोमीटरचा निळा किरण ४२ अंशांनी वळतो आणि पुढे सरकतो जेमतेम १.३ मिलिमीटर, म्हणून त्याचं नुकसान आणखी जास्त. ६३० चा लाल किरण ६७ अंशांनी वळून ३.३ मिलिमीटरची उडी घेतो, तो पुष्कळसा वाचतो. काच जाड केली तर सगळ्यांच्याच उड्या लांबतात, पण मग शेवटी बाहेर पडणारे झोत एकमेकांपासून दूर जातात आणि मध्ये अंधाऱ्या फटी राहतात.

शिरतानाच निम्मा प्रकाश गेला असं ढोबळ धरा, ३ डेसिबल. बाहेर काढणारं साधं ग्रेटिंग डोळ्याकडे सोडतं जवळपास तेवढाच उलट्या बाजूलाही सोडतं, आणखी ३. समोरच्या माणसाला अशा चष्म्यामागे डोळ्यापाशी उजेड दिसतो तो हाच. उरलेले अडीच डेसिबल विखुरण्यात आणि नको त्या दिशांना गेले की झाले आपले वीस. यातलं एकही कलम पूर्ण आंतरिक परावर्तनाच्या खात्यावर टाकता येत नाही. ते आपलं काम चोख करतं. आतबाहेर करण्याच्या दारांवर आणि डोळ्याभोवतीच्या जागेवर खर्च होतो.

याच आकड्यांतून दुसरी अडचणही दिसते. तीन रंग तीन वेगळ्या कोनांनी आणि वेगळ्या उड्या मारत जातात, त्यामुळे चित्राच्या एका कडेला तांबूस तर दुसऱ्या कडेला निळसर छटा येते. २०१८ च्या मॅजिक लीप वन या चष्म्यात एकावर एक सहा काचा होत्या: तीन रंग आणि प्रत्येकासाठी चित्राच्या अंतराचे दोन टप्पे, जवळचा आणि दूरचा. २०१९ च्या होलोलेन्स २ या चष्म्याच्या चित्रातल्या इंद्रधनुष्यी पट्ट्यांबद्दल वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या त्या यातूनच. असा चष्मा घालून ट्यूबलाइटखाली मान वर केली, की चित्र बंद असतानाही काचेत रंगीत रेघ उमटते. बाहेरच्या प्रकाशालाही ग्रेटिंग तसंच वळवतं.

आता कपानी. त्यांच्याबद्दल आपल्याला जो अभिमान आहे तोच मलाही आहे. पंजाबातल्या मोग्याचा हा माणूस लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होता, आणि त्या दोघांचा लेख जानेवारी १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याच अंकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या फान हील यांचंही टिपण आहे. पण कपानींनी केलं ते वेगळं आहे, आणि वेगळेपण समजलं की वेव्हगाइडही समजतो. कपानींच्या जुडग्यात हजारो तंतू होते आणि प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका नेत होता. डावीकडचा ठिपका डावीकडच्या तंतूत, उजवीकडचा उजवीकडच्या. ठिपक्याची ओळख त्याच्या जागेवरून. चष्म्यातली काच एकसंध असते, तिच्यात जागेला काही अर्थ नाही. तिथे ठिपक्याची ओळख कोनावरून होते. चित्राच्या मधला ठिपका म्हणजे एका कोनाने जाणारे सगळे समांतर किरण, डाव्या कडेचा ठिपका म्हणजे जरा वेगळ्या कोनाचे. किरण काचेत कुठेही असो, कोन शाबूत राहिला की डोळ्याचं भिंग त्याला डोळ्यातल्या पडद्यावर योग्य जागी नेऊन बसवतं. म्हणूनच झोताच्या कितीही प्रती काढता येतात; सगळ्या प्रती एकच चित्र दाखवतात.

चित्र किती रुंद दिसणार हेही त्यामुळे काचेच्या अपवर्तनांकावर ठरतं. क्रांतिक कोनापासून साधारण ७५ अंशांपर्यंतचे कोनच कामाचे. एका ग्रेटिंगने एकाच दिशेला पाठवलं, तर एका रंगासाठी १.५ च्या काचेत सुमारे २६ अंश रुंदीचं चित्र मावतं, १.८ च्या काचेत ४३, आणि २.६ असेल तर ९८. मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या ओरायन चष्म्यात एवढ्या अपवर्तनांकाचं सिलिकॉन कार्बाइड वापरलं होतं आणि चित्र ७० अंशांचं होतं, ते याच कारणाने. हा पदार्थ स्वस्तात आणि निर्मळ मिळू लागला तर या क्षेत्रात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडेल असं माझं ठाम मत आहे. प्रोजेक्टर कितीही सुधारा, कोन काचेत मावलेच नाहीत तर उपयोग नाही.

अर्धपारदर्शक आरशाबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पडदा केला तो असल्याच आरशांनी. आज बर्डबाथ नावाच्या रचनेत एक तिरका अर्धपारदर्शक आरसा आणि एक अंतर्वक्र आरसा असतो. आगगाडीत बसून सिनेमा पाहायचा असेल तर मीही तोच चष्मा घ्यायला सांगेन, चित्र सरस असतं. पण साधे निम्मे-निम्मे आरसे धरले तर बाहेरचं दृश्य दोनदा अर्धं होऊन २५ टक्केच डोळ्यात येतं, आणि ४५ अंशांत तिरका आरसा बसवायला डोळ्यापुढे जागा लागते. तो घालून रस्ता ओलांडावा, समोरच्याशी डोळ्यात बघून बोलावं, असा तो चष्मा नाही. हेच आरसे काचेच्या आत, पातळ पट्ट्यांच्या रूपात बसवायची वाट इस्रायलच्या ल्युमस कंपनीने वर्षानुवर्षं धरून ठेवली. लेप दिलेल्या काचा एकावर एक चिकटवायच्या, तो गठ्ठा तिरका कापायचा, मग घासून गुळगुळीत करायचा. आरसा सगळ्या रंगांना एकाच कोनाने वळवतो, म्हणून एकाच काचेत तिन्ही रंग जातात. सप्टेंबर २०२५ च्या मेटा रे-बॅन डिस्प्लेमध्ये याच जातीची काच आहे. चित्र फक्त उजव्या डोळ्याला आणि २० अंशांचं, पण ५००० निट्सपर्यंत (निट हे उजळपणाचं एकक) उजळ.

राहिला गोलाईदार काचेचा प्रश्न. कोन हेच चित्र, म्हणून दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि एकमेकांना कडक समांतर लागतात. ते ३ विकलांनी (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला) जरी कलले, तरी दर फेरीला कोन ६ विकलांनी बदलतो आणि दहा फेऱ्यांत १ कला चुकते. डोळ्याची क्षमता तेवढीच आहे. ३० मिलिमीटर लांबीवर ३ विकला म्हणजे जाडीत अर्ध्या मायक्रॉनहून कमी फरक. वाकवलेल्या काचेत प्रत्येक आपटीला कोन बदलत जाणार आणि झोताच्या प्रती एकमेकींशी जुळणार नाहीत. म्हणून सपाट काच मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी भिंगं लावतात. सपाट काचेतून येणारं चित्र अनंत अंतरावर असतं. आतल्या भिंगात उणे अर्धा डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात ते एकक) घातला की ते २ मीटरवर येतं, आणि बाहेरच्या भिंगात अधिक अर्धा घातला की बाहेरचं जग होतं तिथेच राहतं. डोळ्याचा नंबर आतल्या भिंगात मिळवायचा.

ही भिंगं काचेला चिकटवून मात्र टाकता येत नाहीत, आणि याचं कारण आपल्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल. फायबरच्या गाभ्याभोवती काचेचं क्लॅडिंग, म्हणजे प्रकाशाला आत अडकवणारं कमी अपवर्तनांकाचं वेष्टन असतं. इथे क्लॅडिंग म्हणजे हवा. १.८ च्या काचेवर १.५ चं प्लास्टिक चिकटवलं की क्रांतिक कोन ३३.७ वरून ५६ अंशांवर जातो. वरच्या उदाहरणातला ४२ अंशांचा निळा आणि ५१ अंशांचा हिरवा किरण पहिल्याच आपटीला प्लास्टिकमध्ये निसटतो आणि काचेत फक्त लाल उरतो. म्हणून भिंग आणि काच यांच्यामध्ये हवेची बारीक फट ठेवून कडा सगळीकडून सीलबंद करतात, म्हणजे आत घाम, धूळ किंवा बोटाचं तेल जात नाही.