कमेंट काढली म्हणून कलम ६६-अ लावता येत नाही

परवा रात्री साडेदहाला साताऱ्याहून मामांचा फोन आला. "अगं, एका वकिलाला पंधराशे रुपये पाठवायचेत. मोबाइलवरून कसे पाठवतात ते सांग." कसला वकील, कसले पंधराशे? तर एका बातम्यांच्या वेबसाइटने मामांचं कमेंटचं खातं बंद केलं होतं आणि त्यांच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता. तो वाचून मामा वेबसाइटला नोटीस धाडायला निघाले होते. हाच फॉरवर्ड मलाही आला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: न्यूज वेबसाइटने कमेंट काढणं किंवा खातं बंद करणं हा गुन्हा आहे, तो घटनेच्या कलम १९ चा, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. सुप्रीम कोर्टाने २०१५ साली कमेंट काढायला बंदी घातली आहे. सायबर पोलिसांत कलम ६६-अ खाली तक्रार द्या. कमेंटची जबाबदारी फक्त लिहिणाऱ्याची असते, म्हणजे वेबसाइट कमेंट काढते ती पैसे खाऊनच. खातं २४ तासांत परत द्यावंच लागतं. कमेंटखाली "कलम १९ नुसार ही कमेंट काढता येणार नाही" असं लिहा. कमेंट काढणाऱ्याचं नाव आणि नंबर शोधून सगळीकडे पसरवा. आणि शेवटी, नोटिशीसाठी संपर्क.

आधी कलम ६६-अ घेऊ, कारण ते वाचून मी अक्षरशः डोक्याला हात लावला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार वाक्यं लिहिली, दुसरीने ती लाइक केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. त्यांना लावलेलं कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचं. त्यानंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी कोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. रद्द झाल्यावरही पोलीस ते लावतच राहिले, इतके की जुलै २०२१ मध्ये कोर्टाने त्यावर धक्का बसल्याचं बोलून दाखवलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका असा आदेश पुन्हा द्यावा लागला. आणि हा फॉरवर्ड काय सांगतो? अभिव्यक्तिस्वातंत्र्य वाचवण्यासाठी तेच मेलेलं कलम वापरा! बरं, त्याच दमात २०१५ च्या निकालाचा दाखलाही देतो. तो निकाल आणि हे कलम एका तक्रारीत बसूच शकत नाहीत, कारण त्या निकालानेच हे कलम संपवलं.

निकालाबद्दलची दुसरी थापही तिथेच मोडते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून वेबसाइटला संरक्षण देतं. त्याचा अर्थ लावताना कोर्टाने म्हटलं की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्याशिवाय वेबसाइटवर दुसऱ्याचा मजकूर काढण्याची सक्ती करता येणार नाही. म्हणजे बंधन सक्ती करणाऱ्यावर आलं. वेबसाइटने स्वतःच्या नियमांनुसार मजकूर काढू नये असं त्यात कुठेही नाही. उलट २०२१ च्या आयटी नियमांत स्पष्ट लिहिलंय की नियमांत दिलेल्या प्रकारातला मजकूर आपणहून काढल्याने कलम ७९ चं संरक्षण जात नाही.

कलम १९ बद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल, मला ती आवडत नसली तरी. हा हक्क मुळात सरकारविरुद्ध आहे असं आपण शाळेत शिकलो. पण जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की कलम १९ आणि कलम २१ (जगण्याचा हक्क) यांतले हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. तो खटला मंत्र्यांच्या बेताल वक्तव्यांवरून उभा राहिला होता, कमेंट काढण्याचा विषय त्यात नव्हता. त्याच्या जोरावर उद्या कुणी हायकोर्टात जाऊन भांडेलही. पण पोलीस ठाण्यात जाऊन "माझी कमेंट उडवली" म्हणून गुन्हा नोंदवता येईल असं त्यातून निघत नाही.

आता जबाबदारी फक्त लिहिणाऱ्याची, म्हणजे "वेबसाइटला काही होत नाही", हा दावा. मलेशियातल्या मलेशियाकिनी या बातम्यांच्या साइटवर २०२० मध्ये वाचकांनी न्यायव्यवस्थेबद्दल पाच कमेंट लिहिल्या. पोलिसांनी कळवल्यावर साइटने त्या १२ मिनिटांत काढल्या. तरीही १९ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने साइटला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं आणि पाच लाख रिंगिट दंड केला. लिहिणारे वाचक बाजूला राहिले, दंड साइटला बसला. मला तो निकाल अन्यायाचा वाटतो. तो भारतात लागू नाही आणि आपल्याकडे कलम ७९ चं संरक्षण आहे हेही खरं. पण ते संरक्षण अटींवर मिळतं, आणि कोर्टाची पहिली नोटीस आली की वकिलाची फी संपादकालाच भरावी लागते. ज्या छोट्या मराठी साइटवर रात्री एकच माणूस बसतो, तिथे तो शंका आली की कमेंट उडवतो. हे भीतीपोटी होतं, आळसापोटीही होतं. दर वेळी पैसे खाऊन होतं म्हणायला पुरावा लागतो.

मामांची उडालेली कमेंट मी वाचली. उसाच्या बिलाच्या बातमीखाली त्यांनी एका कारखान्याच्या अध्यक्षांचं नाव घेऊन "शेतकऱ्यांचे पैसे याने खाल्ले" असं लिहिलं होतं. बिलं थकली हे खरंच आहे, मामांचंही थकलंय. पण खाल्ले म्हणायला हातात कागद नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला त्यांच्यावरही होऊ शकला असता. म्हटलं, "मामा, बिल किती तारखेपासून थकलंय ते लिहा, कोणी काढणार नाही." थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ते तर मी लिहिलंच नाही."

२४ तासांची गोष्ट अर्धवट खरी आहे. २०२१ च्या नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवाडा १५ दिवसांत द्यायचा होता. पोच म्हणजे खातं परत नव्हे. खातं किंवा मजकूर काढण्याआधी कारण कळवायचं, म्हणणं मांडू द्यायचं, हा नियमही आहे, पण तो ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांसाठी. बातम्यांच्या साइट त्यात येत नाहीत. यायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. मामांना "नियमांचं उल्लंघन" एवढी एकच ओळ आली. कोणती कमेंट, कोणता नियम, काही नाही. सत्तर वर्षांच्या माणसाला असं दारातून हाकलल्यासारखं बाहेर काढणं चूक आहे. राग यायचा तर याचा यावा.

कमेंटखाली जाहीरनामा चिकटवून काही होत नाही. खातं उघडताना ज्या अटी मान्य केल्या त्या एका ओळीने पुसल्या जात नाहीत.

राहिला नाव-नंबर पसरवण्याचा सल्ला, आणि तो सगळ्यांत घातक आहे. कमेंट तपासायला बसलेली मुलं-मुली बहुधा कंत्राटावर असतात, दिवसभर शिव्या वाचण्याचं काम करतात. ब्रिटनच्या गार्डियनने २०१६ मध्ये स्वतःच्या साइटवरच्या ७ कोटी कमेंट तपासल्या. ज्या दहा लेखकांना सर्वाधिक गलिच्छ कमेंट आल्या, त्यांत आठ महिला होत्या आणि उरलेले दोन कृष्णवर्णीय पुरुष. अशा कमेंट अडवणाऱ्या पोरीचा नंबर हजार लोकांच्या हाती दिला तर रात्री तिला कसले फोन येतील हे सांगायला नको. आणि तिने तक्रार केली तर पोलीस नंबर पसरवणाऱ्याच्या दारात येतील, फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा पत्ता कोणाला सापडणार नाही.

काल संध्याकाळी मामांनी वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला स्वतः ईमेल लिहिली. चारच ओळी: माझी कोणती कमेंट, कोणत्या तारखेची, कोणता नियम मोडला, आणि खातं किती दिवसांसाठी बंद आहे, ते कळवावे. बातमीचा दुवा आणि त्या एका ओळीच्या उत्तराचा स्क्रीनशॉट जोडला. पंधराशे रुपये त्यांच्याकडेच आहेत. शिक्षकांच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड त्यांनीही पुढे ढकलला होता, तिथे हे उत्तर टाकायचं म्हणून मला लवकर लिहून दे म्हणाले. म्हणून लिहिलं.