तुमचं व्हिजन खूप आवडलं, बाकीचं आम्ही बघतो

सर्वप्रथम अभिनंदन. मित्राच्या हॉलमध्ये, बारा लोकांच्या युनिटवर आणि वडापाववर काढलेला तुमचा छोटा पिक्चर फेस्टिव्हलात गाजला आणि आता थेट अमेरिकेतल्या सुपरहिरोवाल्या स्टुडिओचा फोन आलाय. म्हणतायत तुमची स्टाइल एकदम वेगळी आहे, आम्हाला अगदी हेच हवंय. आईला सांगून झालं असेल, पेढेही वाटून झाले असतील, हरकत नाही. आता जरा पाच मिनिटं बसा.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हे स्थळ आलंय. आणि स्थळाच्या जाहिरातीत "उच्चशिक्षित, स्वतंत्र विचारांची, कलेची आवड असलेली मुलगी पाहिजे" असं लिहिलेलं असतं म्हणून उद्या आमटीत गूळ किती घालायचा ते तुम्ही ठरवणार अशा भ्रमात राहू नका. गूळ ठरलाय. तुम्ही फक्त ढवळायचं आणि पाहुण्यांसमोर हसायचं.

अर्जेंटिनाची लुक्रेसिया मार्तेल घ्या, जगातल्या मोठ्या दिग्दर्शकांत जिचं नाव घेतात ती. 'ब्लॅक विडो' या सुपरहिरो पिक्चरसाठी मार्व्हल स्टुडिओने तिला भेटायला बोलावलं होतं. २०१८ मध्ये भारतातल्याच एका पेपरशी बोलताना तिने सांगितलं की अ‍ॅक्शन सीनचं टेन्शन घेऊ नका, ते आम्ही बघतो, असं तिला तिथे ऐकवलं. बाईंना अ‍ॅक्शनच करायची होती हो! आता अ‍ॅक्शनच्या पिक्चरमधून अ‍ॅक्शन वजा केली की उरतं काय, तर दोन माणसं किचनमध्ये उभी राहून वडिलांबद्दल बोलतात तेवढं. ते मात्र तुमच्या स्टाइलने करा, फुल फ्रीडम. मार्तेलने तो पिक्चर केला नाही. तुम्ही असला आगाऊपणा करू नका, मान डोलवा.

दुसरं म्हणजे स्क्रिप्ट स्वतः लिहिण्याची सवय असेल तर ती मोडा. एडगर राइट या दिग्दर्शकाने मोडली नाही. २००६ च्या कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या जत्रेत, मार्व्हलच्या 'अँट-मॅन'ची घोषणा झाली, जो कॉर्निशबरोबर बसून त्याने स्क्रिप्ट लिहिली, २०१२ ला टेस्ट फुटेज दाखवलं तेव्हा पब्लिक वेडं झालं आणि २०१४ च्या मे महिन्यात, शूटिंग तोंडावर असताना, तो बाहेर. का, तर स्टुडिओला त्याच्याशिवाय स्क्रिप्टचा एक ड्राफ्ट करून घ्यायचा होता. आठ वर्षं ज्या घराचा नकाशा काढला त्याच घरात आता फक्त रंग मारायला या, असा मामला. नंतर तो म्हणाला की मला मार्व्हलचा पिक्चर करायचा होता पण त्यांना एडगर राइटचा पिक्चर करायचा होता असं वाटत नाही. मोठा समजूतदार माणूस, एका वाक्यात विषय संपवला, आपल्याकडे यावर तीन भागांची मुलाखत झाली असती. पिक्चर पेटन रीडने केला आणि २०१५ च्या जुलैत ठरलेल्या तारखेलाच लागला. तारीख हलत नाही हे लक्षात ठेवा, दिग्दर्शक हलतो.

त्या वेळी राइटच्या बाजूने कोण उभं राहिलं असेल? जॉस व्हेडन, म्हणजे मार्व्हलचा लाडका जावई, 'अ‍ॅव्हेंजर्स'वाला. राइटच्या तीन कॉमेडी पिक्चरमध्ये कॉर्नेटो दिसतो, आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तोच कोन. व्हेडनने तसा एक कोन हातात वर धरून, मान खाली घालून फोटो टाकला. शब्द एक नाही. आणि थोड्या वेळाने तो फोटो डिलीट. श्रद्धांजली कशी वाहावी तर अशी, आइस्क्रीम वितळायच्या आत.

पुढच्याच वर्षी व्हेडनचा नंबर लागला. दुसऱ्या 'अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये, म्हणजे 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये, सगळे हिरो दमूनभागून एका शेतावरच्या घरात येतात ते सीन त्याला जीव की प्राण, स्टुडिओला नकोसे. स्टुडिओला हवी होती गुहा, जिथे थॉर नावाचा हिरो पाण्यात उतरून पुढच्या पिक्चरांचा ट्रेलर बघतो. त्याने स्वतः नंतर सांगितलं की गुहा ठेव नाहीतर शेत उडवतो, असा सौदा होता. गुहा राहिली. कधी बघाल तेव्हा बघा, सगळा पिक्चर पळतोय आणि मधेच हा बाप्या डबक्यात उभा.

आणि २०१७ ला हाच व्हेडन दुसऱ्याच्या पिक्चरवर कात्री घेऊन. मुलीच्या मृत्यूनंतर दिग्दर्शक झॅक स्नायडर 'जस्टिस लीग'मधून बाजूला झाला (त्यावर थट्टा नाही), आणि वॉर्नर स्टुडिओने उरलेलं काम व्हेडनकडे दिलं. उरलेलं म्हणजे पिक्चर जवळजवळ नव्याने. दोन तासांत बसवा असा वरून हुकूम असल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि पिक्चर बसला बरोबर दोन तासांत. त्यात सुपरमॅन करणाऱ्या हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या पिक्चरसाठी मिशी ठेवली होती आणि तो दुसरा स्टुडिओ म्हणाला मिशी काढू देणार नाही. मग कम्प्युटरवर काढली. पहिल्याच सीनमध्ये पोरं मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेतायत आणि त्याचा वरचा ओठ भिजवलेल्या कणकेसारखा हलतोय! इतकी वर्षं झाली, मला त्या सीनमधलं एक वाक्य आठवत नाही पण तो ओठ आठवतो.

खेळण्यांचं राहिलंच. तुम्हाला वाटेल स्टुडिओतून नोट्स, म्हणजे बदलांच्या सूचना, देणारे लोक कथा वाचतात. शेन ब्लॅकने 'आयर्न मॅन ३'मध्ये व्हिलन बाई ठेवली होती, रिबेका हॉलने केलेलं पात्र. वरून निरोप आला की बाईचं खेळणं खपणार नाही, झाला पुरुष. आणि हे आजचं नाही, टिम बर्टनच्या १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'मध्ये पेंग्विनच्या तोंडातून काळं काहीतरी गळतं आणि तिकडे मॅकडॉनल्ड्स लहान मुलांच्या जेवणाबरोबर त्याच पिक्चरची खेळणी देत होतं. आईबाप भडकले, पुढचा बॅटमॅन जोएल शूमाकरकडे. तेव्हा सीन लिहिताना आधी एवढंच बघा की हा माणूस प्लॅस्टिकचा कसा दिसेल आणि बर्गरशेजारी शोभेल का.

भांडण झालंच तर ट्विट करू नका. 'फँटास्टिक फोर'चा दिग्दर्शक जॉश ट्रँकने २०१५ ला तो पिक्चर लागायच्या तोंडावर लिहिलं की वर्षापूर्वी माझ्याकडे याचं फार भारी व्हर्जन होतं, तुम्हाला ते बहुतेक कधीच बघायला मिळणार नाही. मग डिलीट केलं, पण लोकांनी स्क्रीनशॉट काढायला वेळ लागतो होय? पुन्हा शूट केलेला भाग कुठला ते ओळखायला मात्र ट्विटची गरज नव्हती, हिरॉईन केट माराचा विग बघितला की कळत होतं.

तुमचं खरं व्हर्जन कधीतरी निघेलच या आशेवर असाल तर वय तपासा. स्नायडरचं चार वर्षांत आलं, २०२१ ला, चार तास दोन मिनिटांचं, पण त्याच्यामागे हॅशटॅग घेऊन उभं राहणारी फौज होती. रिचर्ड डोनरला 'सुपरमॅन २'मधून १९७९ ला काढलं, बराचसा पिक्चर शूट करून झाला असताना, आणि त्याचं व्हर्जन निघालं २००६ ला.

आणि 'बॅटगर्ल'सारखं झालं तर तेही नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वॉर्नरने शूट झालेला पिक्चर कपाटात टाकला, सुमारे नऊ कोटी डॉलरचा. तोट्यात दाखवायचा, टॅक्स वाचवायचा. आदिल अल अर्बी आणि बिलाल फल्लाह हे दोघे दिग्दर्शक तेव्हा आदिलच्या लग्नासाठी मोरोक्कोत होते. आदिल बिलालला म्हणाला, लवकर, फोनवर शूट करून घे सगळं. बिलालने सर्व्हर उघडला तर सगळं बंद.

तेव्हा पेन ड्राइव्ह आजच घ्या. कॉन्ट्रॅक्टमध्ये त्यालाही मनाई असेल म्हणा, बघून घ्या, शेवटच्या पानांवर असतं ते बारीक अक्षरात.