देणगीदारांची वही कपाटातच राहू द्या

यवतमाळ-वर्ध्याकडच्या एखाद्या खेड्यात आपली सेवाभावी संस्था असेल आणि देणग्यांचा ओघ आटत चालला असेल, तर देणगीदारांची वही आणि गावातल्या माणसांच्या कहाण्या यांची गाठ चुकूनही पडू देऊ नये. वही लेखनिकाच्या कपाटात असावी आणि ३१ मे जवळ आला की आयकर खात्याला देणग्यांचा तपशील कळवणारा १०बीडी अर्ज भरण्यापुरतीच बाहेर निघावी. नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम एवढे उतरवून झाले की पुन्हा कुलूप लावावे. कारण त्याच पानांवर दर पोळ्याला न चुकता पाचशे रुपये कोण पाठवतो, कोणाची देणगी तीन वर्षांपासून थांबली आहे आणि कोणी पैसे विहिरीसाठीच दिले आहेत, असला नको तो तपशीलही असतो. विहिरीसाठी देणाऱ्याला शिलाई मशीनची कहाणी पाठवावी. विहिरीला पाणी लागले का, हे मात्र कळवू नये. उगाच समाधान पावायचा.

कहाणी एकच असावी. २०१७ साली बोंडअळीने कपाशी खाल्लेल्या घरातली सात वर्षांची मुलगी तट्ट्याच्या दारात उभी आहे, हा फोटो अजून चांगला चालतो. तिची आई कार्यालयात येऊन, "भाऊ, पोरगी दहावी झाली, मैत्रिणी हासतात तिले, तो फोटो हटवा ना आता," असे म्हणाली, तर तिला चहा पाजावा.

शंकेखोर कार्यकर्त्याला २००७ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी प्रयोग सांगावा. त्यात एका मुलीची कहाणी वाचून लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसते आकडे वाचून १.१४ आणि दोन्ही एकत्र वाचून १.४३. म्हणजे आकडा वाईटच, असे ठणकावून सांगावे. ते आकडे लाखो भुकेल्यांचे होते आणि आपल्या वहीतला आकडा कोणाला कोणती कहाणी पाठवावी हे सांगणारा आहे, हा फरक तो काढू लागला, तर त्याला तातडीने सर्वेक्षणासाठी मेळघाटात धाडावे.

राहता राहिले वाढदिवसाचे शुभेच्छापत्र. ते सरसकट सर्वांना जावे, निवृत्त गुरुजींनाही, दीर्घायुष्याच्या शुभेच्छा आणि क्यूआर कोडसह. गुरुजी गेल्याचे त्यांच्या मुलाने तेरवीच्या दिवशीच कळवले होते आणि वडिलांच्या नावाने पाच हजार रुपयेही पाठवले होते. त्याची नोंद वहीत व्यवस्थित आहे.