मॉली ब्राउनचा बंगला आणि फिरणारा मेसेज

टायटॅनिकचा विषय निघाला की एक मेसेज हमखास येतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरची अडाणी मॉली ब्राउन सोन्याच्या पैशातून महाल बांधते, जहाज बुडताना पिस्तूल रोखून होडी मागे वळवते, बुडणाऱ्यांना वाचवते. आणि तो महाल तिने सोडला तसाच आजही उभा आहे. इतक्या मोठ्या बाईचं असं कार्टून व्हावं, याचा मला मनापासून राग येतो.

हयातीत तिला कुणी मॉली म्हणत नव्हतं. ती मार्गारेट. 'मॉली' रुळली ती १९६० च्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेमुळे. अडाणीही नव्हती, टायटॅनिकमधून वाचलेल्यांना उचलणाऱ्या कार्पेथिया जहाजावर परदेशी बायकांशी त्यांच्या भाषेत बोलत होती.

महाल तिने बांधलाच नाही. पेनसिल्व्हेनिया स्ट्रीटवरचं हे घर विल्यम लँग या वास्तुविशारदाने १८८९ च्या सुमारास चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या लार्ज कुटुंबासाठी उभारलं. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि त्यांना ते विकावं लागलं. त्याच मंदीत लेडव्हिल या खाणींच्या गावातल्या लिटल जॉनी खाणीत मार्गारेटचा नवरा जे. जे. ब्राउन खाली सोनं शोधत होता. वरून भुसभुशीत वाळू ढासळायची. त्याने गवताचे भारे आणि लाकडी टेकू लावून ती थोपवली आणि सोन्यापर्यंत पोचला. १८९४ मध्ये ब्राउन दांपत्याने घर ३०,००० डॉलरना घेतलं. एकाच मंदीत एक घर बुडालं, दुसरं वर आलं. मेसेजमध्ये यातलं काही नाही.

होडीचं म्हणाल तर ती ज्यात होती ती ६ नंबरची होडी मागे वळलीच नाही. ६५ जणांची होडी, आत तिसाच्याही आत माणसं. परत जाऊ या, असा आग्रह मार्गारेटने धरला. सुकाणूवरच्या हिचन्सने ऐकलं नाही. तिने वल्हं हातात घेतलं, बायकांनाही वल्हवायला लावलं. पुढे कार्पेथियावर सगळं गमावलेल्यांसाठी जवळजवळ १०,००० डॉलर गोळा केले. एवढं खरं असताना पिस्तूल कशाला हवं?

आणि घर 'तसंच'? १९३२ मध्ये ती गेल्यावर तिथे खोल्या भाड्याने देण्याचा धंदा चालला, भिंती घालून दालनं तोडली गेली. पाडापाडीची वेळ येऊ नये म्हणून १९७० मध्ये डेन्व्हरकरांनी 'हिस्टॉरिक डेन्व्हर' ही संस्था काढून ते विकत घेतलं. १९१० मध्ये काढलेले आतले फोटो समोर ठेवून आणि रंगाचे पापुद्रे तपासून कुठल्या भिंतीला मूळ कुठला रंग होता, ते ठरवलं. आज संग्रहालयात दिसतं ते या लोकांनी पुन्हा उभं केलेलं घर आहे.