कामं थांबली, पण पृथ्वी बरी झाली नव्हती

"2020 मध्ये कामधंदे बंद पडले आणि पृथ्वीने मोकळा श्वास घेतला. पर्यावरण वाचवायचं तर रोजगारावर पाणी सोडावंच लागेल." हा फॉरवर्ड अजूनही फिरतो. सोबत व्हेनिसच्या कालव्यांत परतल्याचे सांगितलेले डॉल्फिन असतातच. ते डॉल्फिन इटलीच्याच सार्डिनिया बेटावरच्या बंदरातले होते! व्हेनिसचं पाणी नितळ दिसलं हे खरं, पण ते बोटी थांबून गाळ खाली बसल्यामुळे.

"पृथ्वी बरी झाली." एप्रिल 2020 मध्ये जगाचं रोजचं कार्बन उत्सर्जन 2019 च्या तुलनेत 17 टक्क्यांपर्यंत घसरलं होतं. वर्षभराचा हिशेब लावला तर घट पाचेक टक्क्यांची, आणि 2021 मध्ये तीही जवळपास भरून निघाली. कार्बन डायऑक्साइड वायू हवेत शेकडो वर्षं टिकतो. भर किंचित मंदावली, साठा वाढतच राहिला. मे 2020 मध्ये हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत 417 पीपीएमची (हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे 417 भाग) नोंद झाली, तोवरची सर्वाधिक.

"निसर्गाला माणसापासून सुट्टी मिळाली." ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये जुलै 2020 ला संपलेल्या वर्षात सुमारे 11 हजार चौरस किलोमीटर जंगल तुटलं. त्याआधीच्या दहा वर्षांत एवढी तोड झाली नव्हती. सुट्टी कसली!

"रोजगार सोडला की पर्यावरण वाचतं." खरी गफलत इथे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जगातले 8.8 टक्के कामाचे तास बुडाले, म्हणजे 25.5 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. एवढं गमावून उत्सर्जन घटलं पाच टक्के. तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर 2030 पर्यंत दरवर्षी 7.6 टक्के घट हवी, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2019 मध्येच सांगितलं होतं. मग काय, दरवर्षी याहून कडक टाळेबंदी करायची?

हिशेब जुळत नाही, कारण बुडालेली कामं आणि धूर ओकणारी कामं वेगवेगळी होती. वेटर, न्हावी, घरकामगार, दुकानातले विक्रेते घरी बसले. त्यांच्या हातून धूर निघतो तो कितीसा? उत्सर्जनातली घट मुख्यतः गाड्या आणि विमानं थांबल्याने आली. कोळशावरची वीजकेंद्रं मात्र बव्हंशी चालूच होती.

त्याच वर्षी जगात अक्षय ऊर्जेची 260 गिगावॉटहून जास्त नवी क्षमता उभी राहिली, 2019 पेक्षा जवळपास निम्म्याने अधिक. ती उभारणारी माणसं कामावर होती.