हातातला कुकर

2019 च्या पावसात माझी मुंबईतली नोकरी गेली. घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करतच तुतारीने कुडाळला उतरलो, तिथून एसटीने मालवणच्या वाटेवरचं आमचं गाव. गणपतीला अजून महिना होता. तिठ्यावर दुकानासमोर चौघे बसलेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातातल्या कुकरच्या खोक्याकडे बघितलं. सुट्टीवर येणारा चाकरमानी कुकर घेऊन येत नाही! तिठ्यापासून घर दहा मिनिटांवर, पण बातमी माझ्याआधी पोचलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकीने गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडून हाक मारली, "तांदूळ ठेवलंय गडग्यार. आवशीक सांग." बस्स. ना चौकशी, ना हळहळ. नारळी पौर्णिमेनंतर रापणीवाल्यांनी, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांनी, विचारलं, हिशेब लिहायला येशील काय? 'माझी नोकरी गेली' हे वाक्य मला गावात एकदाही उच्चारावं लागलं नाही. तेव्हापासून गजालींना, म्हणजे आमच्याकडच्या गावगप्पांना, कोणी नावं ठेवली की मी आधी तो तांदूळ आठवतो.

आणि नावं तरी कोणाला ठेवतात बघा. बायका खळ्यात बसल्या की कुचाळक्या, पुरुष चहाच्या टपरीवर तेच बोलले की चर्चा. मासळीच्या लिलावाला या कधीतरी, कोणी कोणाचे पैसे बुडवले ते बांगड्याच्या भावाआधी कळेल. त्या माहितीवरच तर उधारी चालते. रॉबिन डनबार नावाचे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात, माकडं एकमेकांच्या अंगातल्या उवा वेचून नाती सांभाळतात, माणसात ती जागा गप्पांनी घेतली. माणसांच्या बोलण्यातला जवळजवळ दोन तृतीयांश वेळ माणसांविषयीच जातो, असं त्यांना आढळलं. आमच्या वाडीत मोजलं असतं तर आकडा वर गेला असता.

पण एक गोष्ट घशात अडकते. वाडीतल्या एका मुलीची सोयरीक ठरत आलेली. मुलाकडचे रीतीप्रमाणे चौकशीला आले. चौकशी म्हणजे काय, पाटावर बसवून, चहा देऊन केलेली गजालच ती. कोणीतरी म्हणालं, एसटी स्टँडवर एका मुलाबरोबर दिसायची. मला विचारलं तेव्हा मी "तसं ऐकलंय खरं" म्हणालो. बघितलं काहीच नव्हतं. ऐकलेलंसुद्धा त्याच तिठ्यावर.

सोयरीक मोडली. ती आता पुण्यात असते. मे महिन्यात आली की काकीशी गडग्यावरून तास तास बोलते. मी दिसलो की आत जाते.