‘दाढ काढली का दुखनं जाते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या जुनाट दुखण्याची कारणं यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली तुमची ही प्रतिक्रिया आली : "मॅडम, एसीत बसून लोकायले भेव दाखवू नका. दाढ काढली का दुखनं जाते, मंग एवढी कारनं कायले शोधता? आमच्या काकाच्या दोन दाढा काढल्या, आता ठनठनीत हायेत. बाकी लोकायले साइनसच असते. एमआरआय गरिबाले परवडते काय? अन् तुमच्या लेखात चुका बी हायेत."

आधी एसीचं. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या मागे, दातांच्या खुर्चीजवळ मी 17 वर्षं उभी आहे. मे महिन्यात लाइट गेली की बॅटरीच्या उजेडात काम केलं आहे. मतभेद असू द्या, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिला ‘एसीत बसून’ म्हणणं, ही काही बोलायची रीत नव्हे. आणि भेव कुठे दाखवलं? लेखातलं तसं एक वाक्य काढून दाखवा.

चुकीचं म्हणाल तर कोणती ते तुम्ही सांगितलं नाही, मीच शोधली. ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्याची, कळ ‘काही मिनिटं’ टिकते असं मी लिहिलं होतं. ती क्षणभरापासून फार तर 2 मिनिटांपर्यंत असते. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं मुख्य वाक्य : दाढ काढली का दुखनं जाते. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर जातं, त्यात वादच नाही. पण तसं आहे हे आधी ठरवावं लागतं. बर्फाचा खडा दाढेला टेकवला की चांगल्या दाढेतला गारवा खडा काढताच ओसरतो. नस सुजलेली असेल तर ठणका अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळतो, गरम चहाने उसळतो, रात्री आडवं झालं की वाढतो. आरशाच्या दांडीने एकेक दाढ हलकेच ठोकली आणि एकच दाढ कळवळली, तर संसर्ग मुळाच्या टोकापर्यंत गेला असण्याची शक्यता मोठी. तिथे बरेचदा एक्सरेत काळी सावलीही दिसते. अशी एखादी खूण पक्की सापडली तर रूट कॅनाल करा, नाहीतर दाढ काढा. एकही सापडली नाही तर फोर्सेप्स हातात घ्यायचा नाही, पेशंटने कितीही हात जोडले तरी. आणि ते जोडतात.

कारण तीच कळ दाढेबाहेरूनही येते. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेला तीन फांद्या असतात : कपाळाची, वरच्या जबड्याची, खालच्या जबड्याची. ती नस मेंदूच्या खोडात शिरते तिथेच, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असलेल्या बहुतेकांच्या बाबतीत, एखाद्या रक्तवाहिनीचा वळसा तिच्यावर टेकलेला असतो. मोटरपंपाची वायर घासून रबर गेलं की ठिणगी उडते, तसं नसेवरचं आवरण झिजतं आणि गालाला झालेला साधा स्पर्श विजेच्या झटक्यासारखा उमटतो. थोड्या लोकांत कारण गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) असतं. दाढेत जाणारी तार याच नसेची, म्हणून माणूस दाढेवर बोट ठेवतो.

असा पेशंट बसला की त्याने तोंड उघडण्याआधीच शंका येते. एका गालाची दाढी केलेली, दुसऱ्या गालाचे खुंट वाढलेले. गमछा त्या बाजूने जरा लांब धरलेला. बोलताना ओठाचा एकच कोपरा हलतो. आत बघितलं तर दुखऱ्या बाजूच्या दातांवर पिवळा थर, कारण तिथे ब्रश टेकवायची हिंमतच नाही.

इथे डॉक्टरही फसतात. सुन्न करायची सुई दिली की ही कळसुद्धा तेवढ्यापुरती थांबते, म्हणून ‘सुईने थांबलं म्हणजे दाढच’ हा हिशोब चुकतो. त्याहून मोठी फसगत म्हणजे हा आजार मधूनच आठवडे, महिने आपोआप गप्प बसतो. नेमकी त्याच सुमारास दाढ काढलेली असेल तर यश दाढेच्या नावावर जातं. मग कळ परत येते आणि शेजारची दाढ जाते. भाऊ, तुमच्या काकांच्या पहिल्या दाढेतच दोष होता तर दुसरी काहून काढावी लागली? दोन्ही किडल्या असतील तर तसं लिहा, मी माघार घेईन.

या कळेवर दुखण्याची नेहमीची गोळी चालत नाही. कार्बामॅझेपीन लागतं, बहुधा 100 मिलिग्रॅम दिवसातून 2 वेळा, मग हळूहळू वाढवत. सोबत रक्तातल्या पेशी आणि सोडियम तपासावं लागतं. अंगावर पुरळ उठलं तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. मेडिकलमधून परस्पर आणायची ही गोळी नव्हे.

आपल्याकडे आणखी एक कारण पन्नीत घोटलं जातं. सुपारी, तंबाखू, चुन्याचा खर्रा दिवसभर चघळून जबड्याचा स्नायू आखडतो. दात आवळल्यावर कानाच्या पाळीखाली, थोडा पुढे जो फुगतो, तो. तो 5 सेकंद दाबला आणि तेच ओळखीचं दुखणं दाढेत उमटलं, तर दोष बहुधा स्नायूचा. सुपारीने गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठ होते आणि तिखट झोंबतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांत मावली नाहीत तर त्याच आठवड्यात तोंड दाखवा. ही अवस्था पुढे कॅन्सरकडेही जाऊ शकते. हे भेव वाटत असेल तर वाटू द्या.

चढावर चालताना खालचा जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, असं असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं; दातांकडे येऊच नका, आधी ईसीजी काढा.

साइनसबद्दल एवढंच : 2004 साली अमेरिकेत स्वतःला ‘साइनसची डोकेदुखी’ आहे असं सांगणाऱ्या सुमारे 3,000 जणांना तपासलं, त्यातल्या 88 टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या धर्तीचं निघालं. मायग्रेनमध्येही नाक गळतं, म्हणून गफलत होते. आणि त्यावर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साधी दुखण्याची गोळी तीन महिन्यांहून अधिक काळ खाल्ली की गोळीच डोकं दुखवायला लागते. एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्यांना तर महिन्यातले 10 दिवस पुरतात.

एमआरआयच्या खर्चाचा विषय वेगळा, तो इथे नको. वरच्या एकाही तपासणीला एमआरआय लागत नाही. नसेचं दुखणं ठरलं की मग लागतो.

काकांना त्रास देऊ नका. उद्या सकाळी ते तोंड धुतील तेव्हा फक्त बघा : दोन्ही गालांवर सारखंच पाणी मारतात, की एका बाजूला हात न लावताच टॉवेल घेतात? आणि शेवटची दाढ काढून किती महिने झाले, तेही इथेच खाली लिहा.